चुन्याची बाजू

बाटलीच्या पोटावर चुन्याचा एक फराटा असतो.
ती बाजू वर. पहिल्या वर्षी एवढंच शिकायचं असतं.
आडवी निजलेली बाटली उचलली,
तरी परत ठेवताना चुना आभाळाकडे,
म्हणजे तिच्या आभाळाकडे:
गायाच्या तळघराचं काळं छत, कोळिष्टकं, चाळीसचा बल्ब.
पाहुणे लेबल शोधतात.
लेबल ओलीनं केव्हाच खाल्लेलं असतं.

आज सत्तेचाळीसची निघाली.
सेन्योर किंतेलांनी आकडा कागदावर लिहिला,
घडी घातली, ताटलीतून पुढे सरकवला.
असल्या किमती मोठ्यानं बोलत नाहीत.
मी उलटी वाचली. माझा चार महिन्यांचा पगार.

इतक्या जुन्या बुचाला स्क्रू लावायचा नसतो,
भुगा होतो त्याचा.
चिमटा तापवायचा, लाल होईस्तोवर.
बाटलीची मान त्यात धरायची, मनात साठ मोजायचे,
मग बर्फाच्या पाण्यात बुडवलेलं पीस फिरवायचं भोवती.
टक्‌.
मान बुचासकट हातात येते.
पाहुणे टाळ्या वाजवतात.
मला आई आठवते, ईस्टरच्या आदल्या दिवशी, कोंबडा धरून.

मग मेणबत्ती. खांद्यामागे ज्योत,
आणि श्वास न घेता ओतत राहायचं.
काळी रेघ खांद्याशी आली की थांब.

पाहुण्यानं पेल्यात नाक खुपसलं.
अंजीर, म्हणाला. अक्रोडाची साल. जुनं कपाट.
बायको म्हणाली, चामडं?
किंतेला मान डोलवत राहिले, त्यांचं कामच ते.
मी म्हणालो नाही: पाय.

सिल्विनो, माझा बाप, तेव्हा चौदाचा.
दोउरूच्या वरच्या अंगाला, पाटीच्या दगडाच्या उतारावर
दिवसभर टोपल्या वाहून
रात्री दगडी हौदात उतरला, मांडीपर्यंत.
तेवीस जण, खांद्यात खांदा अडकवून.
मुकादम काठी आपटत मोजतो: डावा, उजवा, डावा.
दोन तास. ओळ मोडायची नाही, बोलायचं नाही,
रस गार, आणि बोटांच्या बेचक्यांत देठ टोचतात.
मग मुकादमच ओरडतो: लिबर्दाद!
म्हणजे मोकळीक. ओळ सुटते, अकॉर्डियन लागतो.
कामातलाच शब्द, आज्या-पणज्यापासूनचा.
पण त्या साली, बाप सांगायचा,
गावात दोन खबरे होते,
शाळेचा मास्तर एका रात्रीत दिसेनासा झाला होता,
आणि हा शब्द मोठ्यानं उच्चारावा अशी जागा
आमच्या अख्ख्या गावात एकच उरली होती,
तीही द्राक्षांनी भरलेली.
तेवीसच्या तेवीस ओरडले म्हणे.
पुन्हा ओरडले.
तिसऱ्यांदा मालकाच्या खिडकीत दिवा लागला.

टाचांच्या भेगा नाताळापर्यंत जांभळ्या राहिल्या.
मजुरी मिळाली, वर एक सुका मासा.
ती वाईन त्यानं कधी चाखली नाही.
त्याच्या लेखी तो रस होता.
पुढचं सगळं इथे झालं, नदीच्या तोंडाशी, अंधारात,
त्याला न विचारता.

पाहुणे गेले. बाटलीत चार बोटं गाळ.
गाळाला गिऱ्हाईक नाही.
मी तो मुरंब्याच्या बरणीत भरतो,
कोटाच्या खिशात घालून पुलावरून घरी नेतो,
आणि माझी बहीण बेल्मिरा रविवारच्या रश्श्यात ओतते.
आज तिला म्हटलं, थांब जरा.
बोटावर घेतला.
वाळूसारखा. कडू. मग पार उशिरा,
गिळून झाल्यावर, कुठूनसं गोड.

कसा आहे, तिनं विचारलं.
मी सांगायला गेलो,
आणि डावा पाय फरशीवर आपटला, माझा मीच.

तिनं बरणी माझ्या हातातून काढून घेतली.
हाताला पावाचं पीठ होतं, काचेवर फराटा उठला.
झाकण घट्ट लावून
तिनं ती फळीवर आडवी ठेवली.
पीठ वर.